बॉबकट आणि कपाळावरची झुलपे

लांब केसांची टोके कोठे संपतात याला चेहऱ्याच्या दृष्टीने फारसे महत्त्व नसते. वेणी पाठीवर असते आणि अंबाडा मानेवर. समोरून पाहणाऱ्याला दोन्हींचा शेवट दिसत नाही. बॉबकटाचे तसे नाही. त्यात केसांची खालची कड कान, हनुवटी किंवा फार तर खांदा यांच्या आसपास येऊन थांबते आणि चेहऱ्याच्या शेजारी एक ठळक आडवी रेषा उमटते. कपाळावर झुलपे कापली की वरच्या बाजूस दुसरी रेषा तयार होते. या दोन रेषांच्या मधल्या चौकटीत जेवढा चेहरा उरतो, तेवढाच लोकांच्या नजरेत भरतो. म्हणून 'मला कोणती झुलपे शोभतील?' हा प्रश्न सुटा विचारून त्याचे उत्तर मिळत नाही. खालची रेषा कोठे आहे, हे आधी पाहावे लागते.

शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कपाळावर कापून सोडलेल्या केसांना इंग्लंडात फ्रिंज म्हणतात आणि अमेरिकेत बँग्ज. मराठीत झुलूप हा शब्द मुळात कानशिलाजवळ रुळणाऱ्या बटेचा. परंतु कपाळावरच्या केसांसाठीही तो बोलण्यात रूढ झाला आहे आणि येथे तो त्याच अर्थाने वापरला आहे.

स्त्रियांनी केस आखूड कापण्याची लाट पाश्चात्त्य देशांत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उसळली. अमेरिकेतील नर्तकी आयरीन कॅसल यांनी 1915 च्या आसपास आपले केस कापले व त्यांचे अनुकरण झाले. पुढच्या दशकात तर बॉबकट हा घराघरांतील वादाचा विषय बनला, एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांनी 1920 मध्ये बॉबकट करणाऱ्या एका मुलीवर कथाच लिहिली. परंतु झुलपे आणि बॉब यांची जोडी म्हणून जे चित्र आजही डोळ्यांपुढे येते, ते लुईझ ब्रुक्स या अभिनेत्रीचे. 1929 साली पडद्यावर आलेल्या 'पँडोराज बॉक्स' या जर्मन मूकपटात तिचे काळेभोर केस भुवयांच्या वर सरळ कापलेले आहेत आणि दोन्ही बाजूंचे केस टोकदार होऊन गालांवर पुढे आलेले आहेत. चौकट इतकी लहान आहे की डोळे आणि ओठ यांखेरीज पाहणाऱ्याची नजर कोठेच जाऊ शकत नाही. शब्दांशिवाय अभिनय करणाऱ्या नटीला याहून उपयुक्त केशरचना सुचली नसती. क्लिओपात्राच्या चित्रपटांनीही हीच जोडी लोकप्रिय केली, मात्र तिला इतिहासाचा आधार नाही: त्या राणीच्या नाण्यांवर तिचे केस मागे ओढून बांधलेले दिसतात.

1960 नंतरच्या दशकात लंडनच्या व्हिडाल ससून यांनी बॉबकटाला नवे रूप दिले. तोवर केस गुंडाळून, फवारे मारून आकारात बसवावे लागत. ससून यांचा आग्रह असा की आकार कात्रीनेच द्यावा आणि धुऊन वाळल्यावर केसांनी आपण होऊन त्या आकारात पडावे. झुलपांच्या बाबतीत हा आग्रह विशेष मोलाचा आहे. मागचे केस नीट बसले नाहीत तर ते कानामागे घेता येतात किंवा पिनेने आवरता येतात; कपाळावरचे केस रोज सकाळी आरशासमोर बसून वळवावे लागत असतील, तर ती निवड चुकली असे समजावे.

आपल्या देशात झुलपे म्हटली की साधना शिवदासानी यांचे नाव निघते. 1960 च्या 'लव्ह इन सिमला' या चित्रपटात चष्मा लावणाऱ्या एका साध्या मुलीचे रूपांतर दाखवायचे होते आणि साधना यांचे कपाळ पडद्यावर रुंद दिसत होते. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्न हिच्या केशरचनेचा दाखला देऊन कपाळावर केस कापून घ्यायला सांगितले, आणि 'साधना कट' देशभर पसरला. त्याच वर्षीच्या बिमल रॉय यांच्या 'परख' मध्ये साधना झुलपांविना, खेड्यातील मुलीच्या साध्या वेशात दिसतात. दोन्ही चित्रपट पाहिले म्हणजे एवढ्याशा केसांनी चेहऱ्यात केवढा फरक पडतो ते कळते.

मात्र साधना कट हा लांब केसांवरचा होता, ही गोष्ट नकलांच्या भरात हटकून विसरली जाते. हेपबर्नचे केस 'रोमन हॉलिडे' मध्ये मानेपर्यंतही नव्हते. साधना यांचे उंच बांधलेले किंवा पाठीवर सोडलेले. पहिल्या रूपात चेहऱ्याभोवती सर्व बाजूंनी मोकळी जागा आहे. दुसऱ्यात वर एकच रेषा असून खाली मान व खांदे उघडे आहेत. तीच झुलपे हनुवटीशी थांबणाऱ्या दाट बॉबकटावर घातली की वरून व खालून चेहरा मिटल्यासारखा होतो. चित्र दाखवून 'असेच कापा' म्हणणाऱ्या स्त्रीच्या पदरी निराशा येते ती बहुधा याच कारणाने.

तेव्हा निवड कशी करावी? चेहरा लांबट आणि कपाळ उंच असेल, तर भुवयांना टेकणारी दाट, सरळ झुलपे व हनुवटीपर्यंतचा बॉब ही जोडी उत्तम. तिने लांबी तुटते. गोल चेहऱ्यावर हीच जोडी गोलाई वाढवते. तेथे एका बाजूला भांग पाडून तिरकी उतरणारी झुलपे घ्यावीत आणि खालची रेषा हनुवटीच्या दोन-तीन बोटे खाली न्यावी. मधोमध दुभंगून पडद्यासारखी दोन्ही गालांकडे जाणारी झुलपे खांद्याजवळच्या बॉबला चांगली. ती कमी शोभली तरी वाढवून मागे घेणे सोपे जाते, म्हणून पहिल्यांदाच धाडस करणारीने येथून सुरुवात करावी. कपाळाच्या मध्यावरच संपणारी अगदी आखूड झुलपे, जशी 2001 च्या 'अमेली' या फ्रेंच चित्रपटात ऑड्रे तोतू हिची आहेत, ती भुवया आणि कपाळ लपवीत नाहीत, उलट पुढे आणतात. लपविण्यासाठी झुलपे हवी असणारीने त्या वाटेला जाऊ नये. जाड काडीचा चष्मा असेल तर दाट झुलपांनी गर्दी होते. विरळ किंवा तिरकी बरी.

हे सारे चेहऱ्याविषयी झाले. माझ्या मते चेहऱ्यापेक्षा केसांचा स्वभाव अधिक निर्णायक आहे आणि सौंदर्यविषयक पुस्तके नेमकी येथेच थोडक्यात आटोपतात, कारण त्यांपैकी पुष्कळशी सरळ केस गृहीत धरून लिहिलेली असतात. भारतात सरळ, लहरी, कुरळे असे सर्व प्रकारचे केस आढळतात, आणि एकाच डोक्यावर मागचे सरळ व कपाळाजवळचे लहरी असेही असू शकते. शिवाय पुष्कळांच्या केशरेषेत, कपाळाच्या कडेला, भोवरा असतो. लांब केसांच्या वजनाखाली तो दबून राहतो. केस कापले की उसळी मारतो आणि झुलपे दोन दिशांना फाकतात. याची परीक्षा घरीच करता येते. न्हाल्यावर पुढचे केस कपाळावर सरळ विंचरावे आणि हात न लावता वाळू द्यावे. ते ज्या ठिकाणी दुभंगतील व ज्या बाजूला झुकतील, त्या बाजूलाच झुलपे वळवावीत. सरळ झुलपांचाच हट्ट असेल, तर ती अधिक मागून, अधिक दाट घ्यावी लागतात, म्हणजे वजनाने भोवरा दबतो.

ओलावा ही दुसरी अडचण. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. त्याच्या साखळ्यांना एकत्र धरणारे हायड्रोजनचे दुबळे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या ठिकाणी पुन्हा जुळतात. इस्त्रीने सरळ केलेली झुलपे मुंबईच्या, कोचीनच्या किंवा कलकत्त्याच्या पावसाळी हवेत तासाभरात वळू लागतात, त्याचे हेच कारण. जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच झुलपे दिवसभर टिकतील. ओला केस ताणलाही जातो आणि वाळला की आखडतो. म्हणून ओल्या केसांवर भुवयांपर्यंत मापून कापलेली झुलपे वाळल्यावर वर चढतात. लहरी केसांत हा फरक बोटभर, कुरळ्यांत त्याहूनही अधिक पडू शकतो. असे केस नेहमीप्रमाणे वाळवून, न ताणता, आहेत त्या वळणातच कापावेत.

कापण्याची रीत साधी आहे. फणी टाळूवर पुढून मागे आडवी धरावी. डोके जेथे उताराला लागते आणि फणी सुटते, तेथे त्रिकोणाचे शिखर. उरलेली दोन टोके भुवयांच्या बाहेरच्या शेवटापर्यंत. त्रिकोणाबाहेरचे केस घट्ट बांधून ठेवावेत, कारण कानशिलाचे केस चुकून आले तर बॉबच्या बाजूची रेषाच विरळ होते. पहिला काप नाकाच्या मध्यापर्यंतच घ्यावा, मग थोडे थोडे वर जावे. कात्री आडवी न धरता टोक वर करून बारीक कातरले तर कड मऊ येते व किंचित वाकडेपणा दिसत नाही. मागची बाजू जाणकाराकडूनच कापून घ्यावी. स्वतःच्या मानेवरची रेषा कोणालाही दिसत नाही.

आपल्याकडच्या दोन गोष्टी मात्र परदेशी पुस्तकांत सापडणार नाहीत. कुंकू किंवा टिकली लावणाऱ्या स्त्रीने, भुवयांना टेकणारी दाट झुलपे ती जागा झाकतात, याचा आधी विचार करावा. तिरकी किंवा दुभंगलेली झुलपे ती मोकळी ठेवतात. दुसरी गोष्ट तेलाची. डोक्याला तेल लावून झुलपे कपाळावर सोडली की तेल, घाम व त्वचेचा स्निग्धांश एकत्र येतात आणि केशरेषेखाली बारीक पुटकुळ्या उठतात. तेल लावायचे ते न्हाण्यापूर्वी लावावे, झुलपे मागे बांधावीत आणि धुतल्यावरच पुढे घ्यावीत. संपूर्ण केस धुण्यास सवड नसेल तर नुसती झुलपे धुतली तरी चालते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. याचा अर्थ भुवयांशी कापलेली झुलपे महिन्याभरात डोळ्यांत जातात आणि तीन-चार आठवड्यांनी छाटावी लागतात, तर बॉबची खालची कड दीड-दोन महिने ठीक राहते. आणि झुलपे नकोशी झाली, तर भुवयांपासून ओठांपर्यंत यायला त्यांना आठ ते दहा महिने लागतात. तेवढा काळ ती बाजूला वळवून पिनेने आवरावी लागतात, आणि त्या मुदतीत बॉबही थोडा लांब ठेवला तर पुढचे आखूड केस बाजूच्या केसांत मिसळायला वाव राहतो.