पानाला घास, मुळाला बळ



द्रोणागिरी म्हटले की अनेकांना रामायणातला वनौषधींचा डोंगर आठवतो. इथल्या कातकरी बहिणींना आठवते ती पहिल्या पावसातली फोडशीची भाजी. त्याच कुळातली सफेद मुसळी. तिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे, आणि ते नाव देणाऱ्यांत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले येशूसंघीय फादर सांतापाव होते. जंगलातली मुसळी खणून खणून कमी झाली, म्हणून काही कुटुंबे आता ती वाफ्यात लावतात.

गेल्या जुलैत एका मावशींच्या वाफ्यातली पाने पिवळी पडली. मी घाईने झिंक सल्फेटची फवारणी केली; प्रमाण दुप्पट, तेही भर उन्हात. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, “दादा, पानं भाजली.” चूक माझी होती, नुकसान त्यांचे झाले. त्यातून शिकलेला धडा असा.

मुसळी जूनमध्ये लावतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाने आपोआप सुकतात. मुळात जे साठते, ते या तीन-चार महिन्यांत हिरव्या पानाने तयार केलेले अन्न असते. कोकणच्या जोराच्या पावसात बोरॉनसारखी द्रव्ये धुऊन जातात. अशा वेळी पानावर दिलेले सूक्ष्म अन्नद्रव्य लवकर लागू पडते. मात्र जस्त किंवा लोह पानातून मुळात फारसे उतरत नाही. ते पान हिरवे ठेवते, आणि हिरवे पान मुळाला पोसते.

फवारणीपूर्वी हे पाहावे :

१. आधी जुनी पाने पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह किंवा जस्ताची शंका घ्यावी. वाफ्यात पाणी साचले असेल तर आधी चर काढावा. सप्टेंबरअखेरचा पिवळेपणा हा आजार नव्हे.

२. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम भिजवून गाळलेला चुना. यापेक्षा जास्त नको. चुन्यामुळे पाने भाजत नाहीत.

३. पावसाची उघडीप पाहून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारावे. उन्हात पाणी उडून जाते आणि पानावर क्षार उरतो.

४. आधी चार-पाच रोपांवर फवारून तीन दिवस थांबावे.

फवारणी हा वरचा घास आहे. रोजचे जेवण म्हणजे शेणखत. उसने पैसे काढून महागडी बाटली आणण्याआधी माती तपासून घ्यावी.

यंदा मावशींनी स्वतः चार रोपे निवडली, आणि पंप त्यांच्याच हातात होता.

चर्चेसाठी : मदत करताना आपण आधी पाहतो, की आधी फवारतो?