मोकळे जनावर आणि मालकाची जबाबदारी

शास्त्रभाग : निर्गम २१:२८-३६, निर्गम २२:५, ६, लूक १९:१-१०



सीनाय पर्वतावर दहा आज्ञा दिल्यानंतर थोड्याच वेळात देव मारक्या बैलाविषयी, उघड्या खड्ड्याविषयी आणि दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या गुरांविषयी बोलू लागतो. हा भाग पुष्कळ जण वाचनात गाळतात. परंतु आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील माणसाला तो परका वाटू नये. पोळ्याला सजविलेला बैल दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या कपाशीत शिरला म्हणजे काय होते, हे आपण जाणतो.

आता गावात मोटारी आल्या आणि भांडणाचे कारण तेवढे बदलले. समजा, एका घराचे फाटक उघडे राहिले. कुत्रा मांजरामागे धावला आणि शेजाऱ्याच्या मोटारीवर चढून त्याने रंग खरवडला. किंवा तो एकाएकी छिंदवाडा रस्त्यावर आला व गाडीचा दिवा फुटला. गाडीवाला म्हणतो, “पैसे द्या.” मालक म्हणतो, “मुके जनावर आहे, त्याला काय कळते?” दोघेही एकाच मंडळीचे असले, तर पुढच्या प्रभुभोजनाच्या वेळी ते एकमेकांकडे कसे पाहतील? म्हणून हा प्रश्न केवळ पैशाचा नाही.

नियमशास्त्र अशा वेळी तीन गोष्टी विचारते.

पहिली : मालकाला ठाऊक होते काय? बैलाने एकाएकी माणसाला मारले तर मालक निर्दोष ठरे. पण बैल मारका आहे, लोकांनी तसे बजावले आहे, आणि तरी मालकाने त्याला बांधून ठेवले नाही, तर दोष मालकाचा. एका बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तरी हाच भेद आहे. खोड ठाऊक नसेल तर जिवंत बैल विकून पैसे वाटून घ्यावेत व मेलेलाही वाटून घ्यावा. ठाऊक असेल तर बैलाबद्दल बैल द्यावा. तेव्हा गाड्यांमागे धावण्याची ज्या कुत्र्याची सवय साऱ्या आळीला माहीत आहे, त्याच्या मालकाला “मला काय ठाऊक” असे म्हणता येत नाही.

दुसरी : काळजी घेतली होती काय? खड्डा उघडा ठेवणाऱ्याच्या मनात कोणाचे वाईट करायचे नव्हते. तरी त्यात बैल किंवा गाढव पडले तर किंमत त्यानेच भरावयाची. वाईट हेतू नसणे पुरेसे नाही. फाटक लावणे हेही शेजारप्रीतीचे काम आहे.

तिसरी : भरपाई कशी दिली? दुसऱ्याचे शेत चारले तर आपल्या शेतातील उत्तम पीक द्यावे, असा नियम आहे. नासके-किडके देऊन सुटका नाही. कुरकुरत अर्धे पैसे टाकणे ही बायबलमधील भरपाई नव्हे.

मात्र गाडीवाल्यानेही हा भाग नीट वाचावा. नियमशास्त्रात भरपाई झालेल्या नुकसानीइतकी आहे. जुना पोचा नव्या हिशेबात घालणे हे खोटे माप होय. गाडी गल्लीतून भरधाव आली असेल तर आपला वाटाही मान्य करावा. विम्यातून खर्च मिळाला असेल तर तोच खर्च शेजाऱ्याकडून पुन्हा घेऊ नये. आणि कुत्र्याला दगड मारून सूड घेऊ नये. बैलाला दगडमाराची शिक्षा माणसाचा जीव गेला तेव्हाच होती, मालाच्या नुकसानीसाठी नव्हती.

देशाचा कायदाही याच वाटेने चालतो. १८७१ च्या कायद्याने पीक नासणारी गुरे धरून कोंडवाड्यात घालण्याचा अधिकार शेतकऱ्याला दिला. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पाळीव जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असता मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने बंदोबस्त केला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. केवळ गाडीचे नुकसान झाले असेल तर तो दिवाणी दाव्याचा विषय आहे, आणि तेथे मालकाची हयगय दाखवावी लागते.

मग ज्याला मालकच नाही, त्या कुत्र्याचे काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की, मोकाट कुत्र्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी त्यांना दत्तक घेऊन घरी न्यावे. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा करण्यास सांगितले व रस्त्यावर कोठेही खाऊ घालण्यास मनाई केली. यातून एक गोष्ट शिकावी : दया करावी, पण तिचा भार शेजाऱ्यावर टाकू नये. उरलेले अन्न दुसऱ्याच्या दारापुढे टाकून आपण दयाळू ठरत नाही.

आता जक्कयाकडे पाहा. येशू त्याच्या घरी आला तेव्हा त्याने हिशेब टाळला नाही. कोणी मागण्याआधीच चौपट परत देण्याचे तो बोलला. तारण घरात आले, त्याची खूण त्याच्या पैशाच्या थैलीत दिसली. पौलाने तर अनेसिमाचे देणे आपल्या नावावर मांडावे असे फिलेमोनास लिहिले. स्वतःवर नसलेले ऋण त्याने उचलले, कारण प्रभूने वधस्तंभावर आपल्यासाठी तेच केले होते. ज्याचे इतके मोठे ऋण फेडले गेले, त्याने फुटलेल्या दिव्यासाठी शेजारी गमावू नये. मालकाने आधी जाऊन “किती झाले?” असे विचारावे, गाडीवाल्याने, मालक गरीब असेल तर, थोडे सोडून द्यावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी प्रश्न

१. बैल पहिल्यांदा मारतो आणि तो मारका आहे हे ठाऊक असते, या दोन प्रसंगांत देव भेद का करतो?

२. आपल्या घराचा “उघडा खड्डा” कोणता? मुलांना उदाहरणे सांगू द्यावीत.

३. शत्रूचा चुकलेला बैल त्याच्याकडे पोहोचवावा, असे निर्गम २३:४ मध्ये सांगितले आहे. भांडण झालेल्या शेजाऱ्याचा कुत्रा रस्त्यावर दिसला तर आपण काय कराल?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या हयगयीने ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याकडे आपण होऊन जाण्याची नम्रता आम्हांस दे. आमेन.