स्विचची वही : सेटिंग आणि फर्मवेअर कसे सांभाळावे?



शाळेच्या संगणक कक्षात सगळ्या वायरी जिथे येतात तो लुकलुकणारा डबा म्हणजे नेटवर्क स्विच. साध्या स्विचला सेटिंग नसते, 'मॅनेज्ड' स्विचला असते. तिथेच माझी फजिती झाली.

आमच्या शाळेला सिस्कोचा जुना कॅटॅलिस्ट २९६० भेट मिळाला. मुलांचे संगणक आणि ऑफिसचा संगणक मी वेगळ्या गटांत, म्हणजे व्हीलॅनमध्ये टाकले. चार दिवसांनी लाईट गेली. परत आल्यावर इंटरनेट चालू होते, म्हणून मी निर्धास्त. मग पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हा निकालाचा फोल्डर कोणाचा?" माझ्या पोटात गोळाच आला!

असे का झाले? आपण करतो ते बदल 'रनिंग कॉन्फिग'मध्ये जातात. तो फळा समजा. लाईट गेली की फळा पुसला. 'स्टार्टअप कॉन्फिग' ही वही. स्विच चालू होताना वही वाचतो. माझी वही कोरीच होती, म्हणून सगळे पोर्ट पुन्हा एकाच गटात आले. फळ्यावरचे वहीत उतरवायची आज्ञा एकच : 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. (टाइप मात्र इंग्रजीत करायची.)

आता फर्मवेअर. फ्लॅश मेमरीतली '.बिन' फाइल म्हणजे स्विचचे पाठ्यपुस्तक. नवी आवृत्ती आणताना हा क्रम पाळा :

१) 'शो व्हर्जन'ने मॉडेल व चालू आवृत्ती पाहा. 'डीआयआर फ्लॅश:'ने जागा पाहा.
२) सेटिंगची प्रत टीएफटीपीने संगणकावर घ्या. व्हीलॅनची यादी 'व्हीलॅन.डॅट' या वेगळ्या फाइलीत असते, तिचीही घ्या.
३) आपल्याच मॉडेलची फाइल फ्लॅशमध्ये आणा आणि 'व्हेरिफाय /एमडी५'ने तपासा. येणारा आकडा कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळलाच पाहिजे.
४) 'बूट सिस्टीम'ने नव्या फाइलीचे नाव सांगा, सेव्ह करा, मगच 'रीलोड'.

जागा असेल तर जुनी फाइल लगेच पुसू नका. नवे पुस्तक हातात येऊन पाने मोजल्याशिवाय जुने रद्दीत घालतो का आपण? चालणारी एकही फाइल उरली नाही, तर स्विच 'स्विच:' एवढेच दाखवून थांबतो आणि सगळा कक्ष बंद! म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशीच करा.

आणखी एक. सेटिंगच्या प्रतीत पासवर्डही असतात. ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, पेनड्राइव्हवर घेऊन मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

पालकहो, तुमच्यापैकी कोणी नेटवर्कचे काम करत असेल तर वर्षातून एक शनिवार शाळेला द्या. आणि शिक्षक मित्रांनो, उद्या कक्षात गेलात की आधी एवढेच बघा, तुमच्या स्विचची वही भरलेली आहे ना?