झोपेत अडखळणारा श्वास

वाचन : १ राजे १९ : १-८

कर्मेल डोंगरावरील विजयाला फार काळ लोटला नव्हता, तोच ईजबेलीच्या धमकीने एलीया अरण्यात पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला. या अध्यायावरील पुष्कळ संदेश होरेबच्या मंद वाणीवर असतात. पहिली आठ वचने मात्र आपण घाईने ओलांडतो. तेथे देवदूत एलीयाला दोष देत नाही. एलीया झोपतो, दूत त्याला उठवून खाऊ घालतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. देव त्याला जाब विचारतो तो चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर.

आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा उलटे घडते. उपासनेत डुलक्या घेणाऱ्या बंधूला शेजारी कोपराने ढोसतात. रात्री छातीत धडधडते, काळजी सुटत नाही, असे म्हणणाऱ्या भगिनीला फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचून दाखवतात. ज्याची पाठ वर्षानुवर्षे दुखते त्याच्यासाठी प्रार्थना होते, आणि मग आता वय झाले म्हणून विषय मिटतो. वचन व प्रार्थना यांना आमचा विरोध कसा असेल? पण ही तिघे कधी कधी एकाच आजाराने गांजलेली असतात, आणि तो रात्री घडत असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचे इतके सैल होतात की श्वासाची वाटच मिटते. छाती हलत राहते, हवा आत जात नाही. दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू शरीराला क्षणभर जागे करतो, मोठ्याने धाप टाकून श्वास सुरू होतो, आणि पुन्हा झोप. याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला पाचापेक्षा कमी वेळा असे झाले तर मोठ्या माणसात ते सामान्य धरतात. तीस किंवा अधिक झाले तर आजार तीव्र. म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा! सकाळी यातले काही आठवत नाही. आठ तास झोपलो, असे तो माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगतो.

प्रत्येक वेळी शरीराला मात्र गळा दाबल्यासारखाच धोका जाणवतो. नाडी जोरात चालते, रक्तदाब चढतो. मग मध्यरात्री घुसमटून, घाम फुटून जाग आली की तो चिंतेचा झटका समजला जातो. शिवाय अपुरी झोप स्वतःच भीती वाढवते. २००७ साली अमेरिकेत मॅथ्यू वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना सुमारे ३५ तास जागे ठेवून अप्रिय चित्रे दाखवली. मेंदूतील ॲमिग्डला हा भीतीशी निगडित भाग, झोप मिळालेल्यांपेक्षा साठ टक्के अधिक भडकलेला दिसला. त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचे नातेही ढिले पडले होते. अशा मनाला केवळ "काळजी करू नका" म्हणून काय होणार?

दुखण्याचेही तसेच. १९७५ साली टोरांटोचे डॉक्टर हार्वे मोल्डोफस्की यांनी काही निरोगी माणसांना झोपू दिले, पण गाढ झोप लागली की आवाज करून ती उथळ करीत. काही रात्रींतच त्यांचे अंग ठणकू लागले, स्नायू दाबल्यावर दुखू लागले. दुखण्याने झोप जाते हे आपण सारे जाणतो. पण झोप गेल्यानेही दुखणे वाढते, आणि पुढे झालेल्या अभ्यासांत ही दुसरी बाजू पहिलीपेक्षा अधिक ठळक आढळली आहे. अर्थात प्रत्येक पाठदुखीचे मूळ झोपेत असते असे कोणी समजू नये.

खरा धोका पुढे आहे. काळजीसाठी अल्प्राझोलामसारखी गोळी, दुखण्यासाठी ट्रामाडॉलसारखी, आणि काहींच्या घरी दारू. यांनी डोळा लागतो खरा, पण श्वासाचा अडथळा वाढू शकतो. अशा दोन गोळ्या एकत्र तर अधिकच घातक. शेजाऱ्याची गोळी मागून घेण्याची आपल्याकडची रीत येथे जिवावर बेतू शकते. मात्र रोजची गोळी एकदम सोडणेही धोक्याचे. ती डॉक्टरांना विचारूनच कमी करावी.

हा आजार केवळ जाड मानेच्या पुरुषांचा नव्हे. लहान जबड्याच्या सडपातळ माणसांनाही होतो. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांत वाढतो, आणि त्या पुष्कळदा मोठ्याने घोरत नाहीत. झोप लागत नाही, थकवा, सकाळी डोके दुखते, एवढेच सांगतात. म्हणून त्यांना "मनाचे आहे" असे सांगून परत पाठवले जाते.

रात्रभराच्या तपासणीने निदान होते. छातीचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर ती सुचवतात. नाकावरील मुखवट्यातून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी १९८१ साली पुढे आणले. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, दंतवैद्याने दिलेली जबडा पुढे ठेवणारी पट्टी, यांचाही काहींना उपयोग होतो. यंत्राने दिवसाची पेंग बहुतेकांची कमी होते. काळजी व दुखणे प्रत्येकाचे हटेलच असे नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट. टॉन्सिल व नाकामागच्या गाठी वाढलेले मूल वर्गात पेंगेलच असे नाही; उलट ते चुळबूळ करते, चिडते, ऐकत नाही. तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे, रोज घोरणारे मूल दिसले तर शिक्षा करण्याआधी आईवडिलांशी बोला.

मोठ्यांच्या बाबतीत घोरणारा स्वतः काहीच सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना जो रात्री ते ऐकतो त्याने बरोबर जावे, श्वास किती वेळ थांबतो ते सांगावे, आणि जमल्यास फोनवर आवाज टिपून न्यावा.