मधुमेह असेल तर वस्तरा जपून



१४ नोव्हेंबरला आपण शाळेत बालदिन साजरा करतो. तोच जागतिक मधुमेह दिनही आहे. इन्सुलिनच्या शोधातले प्रमुख शास्त्रज्ञ फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. त्या सुमारास परिपाठात पाच मिनिटं एका साध्या विषयावर बोला: साखर असलेल्या माणसानं केस काढताना काय जपावं. मुलं हसतील, हसू द्या. आजोबांची ओटीवर बसून चाललेली दाढी रोज तीच तर बघतात.

अडचण कुठे आहे? रक्तात साखर सतत जास्त राहिली की नसा बधिर होतात, विशेषतः पायाच्या. कापलं तरी कळत नाही. बारीक रक्तवाहिन्या बिघडल्यानं जखमेला रक्त कमी पोचतं आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. त्यामुळे आपल्याला दोन दिवसांत सुकणारं खरचटणं मधुमेही माणसाला चिघळू शकतं. केसतोड किंवा काखमांजरी वारंवार होत असेल तर साखर तपासूनच घ्या. कधी कधी मधुमेह पहिल्यांदा असाच कळतो.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे तर आवणीला अनवाणी पायानं गुडघाभर चिखलात उतरायचं असतं. पायावर ताजा काप असेल तर त्या दिवशी चिखल टाळलेला बरा.

दहाव्याला नदीकाठी मुंडण होतं तेव्हा जास्त लक्ष हवं. एकच वस्तरा, पाचसात डोकी! अशानं हिपॅटायटिस बी पसरू शकतो, तोही सगळ्यांनाच, मधुमेह असो-नसो. प्रत्येकासाठी नवं पातं लावायला सांगा, त्यात कुणाचा अपमान नाही. तुरटीचा खडाही सगळ्यांच्या गालांवरून एकच फिरतो, तेव्हा आपला वेगळा ठेवावा.

घरी केस काढायचे तर ट्रिमर सगळ्यात बरा, तो कातडीला सहसा कापत नाही. वस्तराच हवा असेल तर कातडी आधी ओली करून साबण लावा आणि केसांच्या दिशेनं हलका हात फिरवा. लग्नसराईत मुली पार्लरमध्ये वॅक्सिंग करतात. पाय बधिर असेल तर गरम मेणाचा चटका कळतच नाही, तिथे मेण नकोच. केस काढायची क्रीम आधी थोड्याशा जागेवर लावून एक दिवस थांबा, आणि पाकिटावरच्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका.

कापलंच तर साबण-पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड बांधा. तंबाखू, चुना, राख काही लावू नका. (हे सांगूनही कुणीतरी लावतंच!) लाली, सूज, पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर शहापूरच्या उपजिल्हा किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

आणि नडगीवरचे केस न काढताच गळून कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली असेल, तर पायाचा रक्तपुरवठा कमी झाल्याची ती खूण असू शकते. तेही डॉक्टरांना सांगा.