नाण्यांविना चाललेला बाजार

मुलांनो, दुकानातून परत मिळालेली नाणी खिशात खुळखुळली, तर आपल्याला त्यात काहीच नवल वाटत नाही. परंतु पूर्व युरोपातील बेलारूस या देशाच्या बाजारात दोन दशकांहून अधिक काळ हा आवाज जवळजवळ थांबलाच होता.

सोव्हिएट संघ 1991 मध्ये विसर्जित झाला आणि बेलारूस स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांवर अरण्यातील प्राणी होते. खारीची नोट सर्वांत लहान, अर्ध्या रूबलची. एका रूबलच्या नोटेवर ससा होता. म्हणून लोक कौतुकाने रूबललाच ‘ससुला’ म्हणू लागले. पण या ससुल्याची किंमत भराभर उतरत गेली. 1999 मध्ये तर 50 लाख रूबलची एक नोट निघाली! अशा महागाईत नाणे पाडणार कसे? धातू आणून, ठसा उठवून ते बाजारात येईपर्यंत त्याची किंमत धातूच्या किमतीहूनही खाली जायची. कागदावर एक शून्य वाढवणे त्या मानाने सोपे. मिन्स्क या राजधानीत भुयारी रेल्वेच्या दारात लोक प्लॅस्टिकची बिल्ले टाकून आत जात.

आणि तरीही या देशाची नाणी होती! 1996 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्याने पहिली स्मारक-नाणी काढली. पुढे संत, जुनी नगरे, रानगवा अशा कितीतरी विषयांवरील सुबक नाणी निघाली. देशाची स्वतःची टांकसाळ नसल्याने ती परदेशांत पाडून घेत. पैकी चांदीच्या अनेक नाण्यांवर ‘20 रूबल’ असा आकडा असे. 2008 साली एका अमेरिकन डॉलरला दोन हजारांहून अधिक रूबल पडत. म्हणजे त्या आकड्याप्रमाणे चांदीच्या नाण्याची किंमत एक सेंटही भरत नव्हती! कायद्याने ते चलन खरे. पण ते देऊन पाव घेणारा मनुष्य वेडाच ठरला असता. ती नाणी संग्राहकांच्या मखमली पेटीत जाऊन बसत.

व्यवहारासाठी नाणी काढण्याचा बेतही झाला होता. लिथुआनिया व स्लोव्हाकिया येथे ती पाडून घेतली. पण आर्थिक संकट आले आणि बेत लांबला. 2011 मध्ये तर एका वर्षात किमती दुपटीहून वाढल्या. ज्यांनी पैसा साठवला होता, त्यांची पुंजी डोळ्यांदेखत निम्म्यावर आली.

अखेर 1 जुलै 2016 रोजी 10,000 जुन्या रूबलांचा 1 नवा रूबल झाला आणि त्याबरोबर आठ प्रकारची नाणी लोकांच्या हाती पडली. त्यांवर साल मात्र होते 2009! सात वर्षे ती वाट पाहत होती. ज्या वडीलधाऱ्यांनी सोव्हिएट काळातील कोपेक हाताळले होते, त्यांना या खुर्द्याचे नवल नव्हते. विशीच्या आतील मुलांनी मात्र आपल्या देशाचे नाणे दुकानदाराच्या हातावर त्या दिवसात प्रथमच ठेवले.