जोडीने जगायला जाताना

दिवाळी उरकली, भात-नागली घरात आली, की खोडाळ्याच्या पाड्यांवर जगायला, म्हणजे कामासाठी बाहेरगावी, जायची तयारी सुरू होते. भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर एकटा माणूस क्वचितच घेतात; जोडी लागते, नवरा-बायकोची. आमचा संसार आणि काम एकाच हंगामात सुरू झालं म्हणा ना! आता मी अंगणवाडीत मदतनीस आहे. नव्या जोड्यांना सांगते ते हे.

१. लग्नासाठी उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, घेऊ नका. पूर्वी आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नाला सावकाराचे पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबत; लग्नगडी म्हणत त्यांना. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या साथीने वारली त्याविरुद्ध उठले. वेठबिगारी बंदीचा देशाचा कायदा १९७६ चा. तरी ऐन पावसाळ्यात, घरात दाणा नसताना कुणी नोटा पुढे केल्या की हात जातोच. आजारपणाला घेतली तर समजू शकते. मांडवाला घेतलीत, तर पहिला हंगाम मांडवच फेडत बसाल.

२. वही बायकोने ठेवावी. रात्री दोन-तीनला उठायचं, संध्याकाळी भिजवून ठेवलेला गारा तुडवायचा, एकाने गोळे द्यायचे, दुसऱ्याने साचा मारायचा. उजाडेपर्यंत ओल्या विटांच्या रांगा लागतात. भाव हजारावर ठरलेला. आठवड्याला खर्ची, म्हणजे खर्चापुरते पैसे, मिळते, तीही भट्टीच्या शेठच्या वहीत चढते, आणि त्या वहीत नाव फक्त नवऱ्याचं. विटा चार हातांनी पाडलेल्या! म्हणून रोज झोपायच्या आधी आपल्या वहीत लिहा: किती विटा, किती खर्ची. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर लिहील. अवकाळी पाऊस आला की कच्च्या विटांचा चिखल होतो. त्या मोजायच्या की नाही, हे गाडीत बसायच्या आधीच बोलून घ्या. भट्टीवर पोचल्यावर कोण ऐकतो?

३. शाळेतलं पोर शक्यतो आजीकडे ठेवा. अशा मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, गुरुजींना दिवाळीआधीच विचारा. आमची थोरली मागे राहिली. होळीला आलो तर मला बघून ती आजीच्या पदराआड लपली. याला माझ्याकडे उपाय नाही. फोन लावत राहायचं.

४. गरोदर असाल, तान्हं असेल, तर माता-बाल संरक्षण कार्ड भांड्यांच्या आधी पिशवीत टाका. लस तिकडेही मिळते, पण कार्डाशिवाय आधीचे डोस नर्सताईंना कळणार कसे? रेशनही आता दुसऱ्या गावच्या दुकानात अंगठा लावून घेता येतं.

५. भाकरी नवऱ्यालाही थापता आली पाहिजे. हे ऐकून पुरुष हसतात. हसू द्या, पीठ पुढे सरकवा.

६. होळीला घरी यायचंच, ते काही कुणाला सांगावं लागत नाही. भांडण होतं ते पुढे, भातरोपांसाठी शेतात राब भाजायच्या वेळी. शेठ म्हणतो, एकाने जा, एकाने राहा. जोडी फोडू नका. एकटी बाई झोपडीत राहिली तर विटाही पडत नाहीत आणि डोळाही लागत नाही. निघताना आपली वही त्याच्या वहीशेजारी ठेवून हिशेब मिटवा. तिथेच पुढच्या सालची उचल देऊ केली, तर घरी विचारून सांगतो म्हणा आणि गाडीत बसा.